डिस्क की रिम ब्रेक? आधी हब पाहा

माउंटन बाइकला डिस्क ब्रेक बसवायचा विचार असेल, तर आधी सायकलच्या डाव्या बाजूला तीन जागा तपासा. हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) रोटर म्हणजे ब्रेकची चकती बसवायला सहा बोल्टची भोकं किंवा सेंटरलॉक पद्धतीचे दाते, फोर्कच्या (पुढच्या चिमट्याच्या) पायावर कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाचा, माउंट (बसवायची जागा) आणि मागे फ्रेमवर तसाच माउंट. हब साधा निघाला तर चाक बदलून भागतं. फ्रेमवर माउंट नसेल तर मागची डिस्क विसरा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर माउंट वेल्ड करून घेऊ नका. त्या उष्णतेनं धातू कमजोर पडतो आणि ब्रेकचा सगळा जोर नेमका तिथेच येतो.

डिस्क आणि रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर, म्हणजे रिमवर, पॅड दाबणारा) यांतला फरक कळतो तो चिखलात. रिम ओली झाली की लिव्हर दाबल्यावर पॅड आधी पाणी पुसतात, मग पकडतात. शिवाय पॅडमध्ये रुतलेली वाळू रिम खात राहते. रिमच्या कडेवर पोलादी पट्टी आडवी टेकवून उजेडाकडे धरा. पट्टीखाली फट दिसली, म्हणजे कड खोलगट झाली. अशी रिम हवेच्या दाबानं फाटू शकते, ती बदलाच. डिस्क हबपाशी असल्यामुळे चिखलापासून लांब राहते, आणि रिमला आउट आला, म्हणजे ती वाकडी फिरू लागली, तरी डिस्कचं काही अडत नाही.

तरीही स्वस्तातली केबलवाली डिस्क आणि नीट लावलेला व्ही-ब्रेक (दोन लांब हातांचा रिम ब्रेक) यांत आमचं मत व्ही-ब्रेकला. केबल डिस्कमध्ये बहुधा बाहेरचाच पॅड हलतो आणि रोटरला किंचित वाकवून आतल्या पॅडवर टेकवतो. आतला पॅड झिजेल तसा त्याचा स्क्रू आत घ्यायचा असतो. ते राहून जातं आणि मग डिस्कमध्ये दम नाही म्हणून बोंब.

व्ही-ब्रेक लावताना पॅड रिमपासून १ ते २ मिमीवर ठेवा. टायरला अजिबात लागू देऊ नका. किंचाळत असेल तर पॅडच्या मागच्या टोकाखाली १ मिमी जाडीचा पुठ्ठा घाला, लिव्हर दाबून धरा आणि बोल्ट आवळा. पुढचं टोक आधी टेकलं की आवाज जातो.

हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारी) डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे दोन्ही बोल्ट थोडे सैल करा, लिव्हर घट्ट दाबून धरा आणि त्याच स्थितीत बोल्ट आळीपाळीनं आवळा. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका. पिस्टन बाहेर सरकतात आणि मग रोटर आत जात नाही. तेल कंपनी सांगेल तेच: शिमानोला मिनरल ऑइल, एसरॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट (DOT) ब्रेक फ्लुइड. अदलाबदल केली की सील खराब होतात.

नवे पॅड लगेच पकडत नाहीत. मोकळ्या जागी वेग घ्या, पूर्ण न थांबता हळूहळू कमी करा. असं वीसेक वेळा. चेनला तेलाचा स्प्रे मारताना मात्र रोटर झाकून ठेवा. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसता येतो. तेल प्यालेला पॅड फेकूनच द्यावा लागतो.