रिक्त पदांविषयी सभागृहात प्रश्न कसा विचारावा

शासकीय विभागातील मनुष्यबळाविषयी लोकप्रतिनिधीने केवळ "पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय" एवढेच विचारले, तर "अंशतः खरे आहे" असे उत्तर देऊन विभागाला मोकळे होता येते. म्हणून प्रश्नात एक निश्चित दिनांक घालावा आणि त्या दिनांकास मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांपैकी नियमित व कंत्राटी किती आणि प्रतिनियुक्तीवर अन्यत्र गेलेले कर्मचारी किती, ही माहिती संवर्गनिहाय (लिपिक, तज्ज्ञ अशा पदगटांनुसार) व कार्यालयनिहाय मागावी. प्रतिनियुक्तीचा तपशील तर आवर्जून मागावा, कारण कागदोपत्री भरलेल्या पदावरचा माणूस दुसऱ्याच कार्यालयात काम करत असेल, तर दारात ताटकळणाऱ्या नागरिकाला त्या पदाचा काहीही उपयोग नसतो.

एकूण टक्केवारीवर समाधान मानू नये. लिपिकांची सर्व पदे भरलेली आणि भूलतज्ज्ञाचे एकमेव पद रिकामे, अशा रुग्णालयाचा एकत्रित आकडा चांगलाच दिसतो. शस्त्रक्रिया मात्र थांबलेल्या असतात. त्यामुळे पदांच्या आकड्यांसोबत प्रलंबित अर्ज आणि सरासरी प्रतीक्षाकाळ हेही मागावेत.

आकडेवारीसाठी लेखी उत्तर पुरेसे असते. तोंडी उत्तराची संधी कारणे विचारण्यासाठी राखावी, कारण तेथे पूरक प्रश्न विचारता येतात. "भरतीची कार्यवाही सुरू आहे" असे उत्तर आल्यास ती मागणीपत्र (भरती करणाऱ्या यंत्रणेकडे पदांची मागणी), जाहिरात, परीक्षा की नियुक्ती यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे आणि केव्हा पूर्ण होईल, हे तेथेच विचारावे. मिळालेले आश्वासन दिनांकासह नोंदवून पुढील अधिवेशनात त्याचाच पाठपुरावा करावा.