चाचणीचा निकाल वाचताना या चुका टाळा

अमेरिकेत 2012 साली झालेल्या एका सर्वेक्षणात 74 टक्के लोकांनी पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं बरोबर सांगितलं. बातम्या झाल्या त्या उरलेल्या 26 टक्क्यांच्या, आणि अमेरिकनांचं जगभर हसं झालं. पण प्रश्नाला पर्याय दोनच होते. डोळे मिटून उत्तर देणाराही निम्म्या वेळा बरोबर येतो. चुकलेले लोक अंदाज मारत असतील, तर जवळपास तितकेच अंदाजानेच बरोबरही आले असणार. म्हणजे 74 हाच आकडा फुगलेला. आणि हसणाऱ्यांसाठी: युरोपीय संघात 2005 साली याच प्रश्नाला 66 टक्केच बरोबर आले होते.

याहून मोठी चूक म्हणजे ‘उत्तर चुकलं, म्हणजे माहीत नाही’ असं धरून चालणं. त्याच सर्वेक्षणात, आजचा माणूस आधीच्या प्राणी-प्रजातींपासून विकसित झाला हे विधान 48 टक्क्यांनी बरोबर ठरवलं. दुसऱ्या गटाला तेच विधान ‘उत्क्रांतीच्या सिद्धांतानुसार’ एवढं जोडून विचारलं, तर आकडा गेला 72 टक्क्यांवर. विश्वाची सुरुवात महास्फोटातून झाली, या विधानाला ‘खगोलशास्त्रज्ञांच्या मते’ जोडल्यावर 39 चे 60 झाले. विज्ञान काय सांगतं हे बऱ्याच जणांना ठाऊक होतं, ते पटत नव्हतं इतकंच. ही जोड नसलेला प्रश्न ज्ञानाच्या नावाखाली श्रद्धाही मोजत होता. अशा माणसाला जीवशास्त्राचा आणखी एक धडा देऊन काय साधणार?

विद्यार्थ्यांच्या चाचण्यांत घोळ होतो तो ‘कोणाची चाचणी’ या मुद्द्यावर. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीच्या 2009 च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश यादीच्या अगदी तळाशी होते. तो निकाल आजही ‘भारताचा क्रमांक’ म्हणून फिरतो. निकाल वाईटच होता, पण राज्यं दोन होती, आणि पिसा शाळेत जाणाऱ्या 15 वर्षांच्या मुलांचीच चाचणी घेते. उलट ‘असर’ या भारतातल्या शिक्षण-सर्वेक्षणाचे कार्यकर्ते ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलाला समोर बसवून वाचायला लावतात, शाळाबाह्य मूलही त्यात येतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका.

आता घरचं दुखणं. एमएचटी-सीईटीत 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत. त्या सत्रातल्या शंभरांपैकी नव्वद जणांचे गुण तुमच्या मुलाइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पेपर सगळ्यांनाच अवघड गेला असेल तर निम्मे गुण नसतानाही पर्सेंटाइल चांगला येतो. म्हणून दहावीच्या टक्क्यांशी त्याची तुलना करून ‘पोरगं घसरलं’ म्हणू नका.

गुणांचंही तेच. पीसीएमचा (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) पेपर 200 गुणांचा, चार पर्यायांचा, चुकीला गुणकपात नाही. काहीही न वाचता अंदाजाने पर्याय निवडले तरी सरासरी 50 गुण पडतात. तेव्हा सराव परीक्षेत 70 आले, तर ‘पस्तीस टक्के येतं’ असा हिशेब चुकीचा आहे. त्याऐवजी मुलाला प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री’ किंवा ‘अंदाज’ अशी खूण करायला सांगा. खात्रीने लिहिलेली आणि तरीही चुकलेली उत्तरं वेगळी काढा. अभ्यास तिथून सुरू करायचा.