हॉस्टेलवर राहणाऱ्या मुस्लिम पोरापोरींसाठी पैशाचा हिशोब, सोप्यात सोपा

चॉकलेटच्या रॅपरवर जनावराचं जिलेटिन आहे का ते तीनतीनदा वाचणारे आपण, पण बँकेचं स्टेटमेंट कोणी उघडत नाही. मी पण तसलाच, खेडहून पुण्यात आलो तेव्हा पासबुकात ४३ रुपये व्याज जमा झालेलं दिसलं ते पण दीड वर्षाने.

व्याज आपल्याला हराम, तर सुरुवात तिथूनच करा. सेव्हिंग खात्यावर बहुतेक बँका दर तीन महिन्यांनी व्याज टाकतात, ती एंट्री शोधा, आकडा बाजूला लिहा आणि तेवढे पैसे एखाद्या गरजूला देऊन टाका, सवाबची, म्हणजे पुण्य मिळावं अशी, नियत न ठेवता. बहुतेक उलेमा, म्हणजे धर्माचे जाणकार, हेच सांगतात, आणि ते जकातीत, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या दानात, धरायचं नाही, म्हणजे व्याज देऊन जकात उरकली असं होत नाही.

मग उधारी. कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारी लिहून ठेवा हेच सांगते, आणि आपण? "अरे देतो ना भाई." व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाका, नाव, रक्कम, तारीख, बास. आणि ५०० दिलेत तर ५०० च घ्यायचे, "५५० दे" असं ठरवून घेतलं की झालं ते व्याजच.

जकातीचं लोक उगाच अवघड करून ठेवतात. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, चांदीचा धरला तर ६१२.३६ ग्रॅम, म्हणजे साडेबावन्न तोळे, पण जुने हां, सराफाचा आजचा तोळा १० ग्रॅमचा आणि जुना ११.६६४ चा, इथेच सगळे चुकतात. त्या दिवशीच्या भावाने तेवढी किंमत तुमच्याकडे आहे आणि चांद्रवर्ष उलटलंय तर अडीच टक्के, १ लाखावर २५०० रुपये. वापरातला मोबाईल, लॅपटॉप, बाईक धरायची नाही. पोरींच्या अंगावरच्या सोन्याचं मात्र मसलकावर, म्हणजे तुम्ही कुठल्या पंथाचे त्यावर आहे, हनफींमध्ये जकात लागते, आम्हा कोकणी शाफईंमध्ये नेहमीच्या वापरातल्या दागिन्यावर सहसा नाही, त्यामुळे रूममेटचं बघून ठरवू नका, आपल्या मौलानांना विचारा.

"आत्ता घ्या, नंतर द्या" वाल्या ॲपपासून लांबच राहा. मी १८९९ रुपयांचे बूट घेतले, परीक्षेच्या गडबडीत तारीख चुकली आणि वर दंड बसला, अटी वाचल्या तेव्हा उशिराचं व्याज पहिल्यापासून लिहिलेलंच होतं, मीच सही केलेली. ऑप्शन ट्रेडिंगबद्दल तर बोलायलाच नको, शेअरचा भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावायचे आणि म्हणे गुंतवणूक.

राहिला रोजचा खर्च. महिनाभर फक्त लिहा, आवरायचं नंतर बघू. माझ्या वहीत सगळ्यात जास्त खर्च रमजानमध्ये निघाला, दिवसभर उपाशी राहून! मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर कौसरबागेत गेलो की कबाब, मग फालुदा, मग अजून कोणीतरी भेटतं, त्याचा पण फालुदा. आता पहिल्या रोज्यालाच एका पाकिटात ८०० रुपये घालतो आणि फोन रूमवर ठेवून जातो, यूपीआयच नको.