लेकराला गोड कधी द्यावं? घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

उष्टावणाच्या दिवशी मामानं खिरीचं बोट लेकराच्या जिभेला लावलं, तर त्या एका बोटानं फार काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसऱ्या दिवसापासून. सकाळच्या दुधात दोन चमचे साखर, दहा वाजता आजोबांच्या चहात बुडवलेलं बिस्कीट, दुपारी वरणभात नको म्हटलं की दूध-साखर-पोळी, संध्याकाळी किराणा दुकानातली गोळी. घरच्यांना यातलं काहीच ‘गोड दिलं’ असं वाटत नाही. गोड म्हणजे पुरणपोळी आणि पेढा, एवढाच हिशोब डोक्यात असतो.

उत्तर आधीच सांगतो. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत वरून घातलेलं गोड नको. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांमध्येही ६ ते २३ महिन्यांच्या लेकरांना जास्त साखरेचे पदार्थ आणि गोड पेयं देऊ नयेत असं म्हटलंय. वरून घातलेलं म्हणजे साखर, गूळ, काकवी, मध, खडीसाखर, सगळं आलं. आईच्या दुधातला आणि पिकल्या केळातला गोडवा यात धरायचा नाही.

याचं कारण पोटाच्या मापात आहे. लेकराच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिली मावतं. आठ किलोच्या लेकराला म्हणजे जेमतेम २४० मिली. त्यातली अर्धी जागा गोड दुधानं भरली, तर डाळ, भाजी, अंड्याला जागाच उरत नाही. शिवाय गोडाची आवड लेकरू जन्मतःच घेऊन येतं, ती शिकवावी लागत नाही. मेथी, दोडका, ताक यांची चव मात्र शिकवावी लागते. त्यासाठी एकच भाजी आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा पुढे ठेवावी लागते.

जन्मल्यावर मध किंवा गूळपाणी चाटवणं

ही सगळ्यात धोक्याची चूक. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या लेकराच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. मध शेतातल्या पोळ्याचा, अगदी डोळ्यांदेखत काढलेला असला तरी धोका तोच. घरच्या उकळण्यानं हे बीजाणू मरत नाहीत. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मध थेंबभरही नको (गोड म्हणून तर तो दोन वर्षांपर्यंतच नको), आणि बाळगुटी मधात उगाळून देणंही नको.

कुणी आधीच चाटवला असेल तर घाबरून उलटी काढायला जाऊ नका. पुढचा महिनाभर लक्ष ठेवा. शी अचानक बंद होणं, रडण्याचा आवाज बारीक होणं, पापण्या जड दिसणं, दूध ओढता न येणं, मान आणि हातपाय ढिले पडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि मध दिला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गूळपाण्याचं नुकसान वेगळं. पहिल्या तासात लेकराला आईचा चीक मिळायला हवा. गूळपाण्यानं पोट भरलं की ते कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूधही उशिरा उतरतं.

‘साखर नाही, गूळच घालतो’

गुऱ्हाळाचा ताजा गूळ असो की बिनरसायनाचा, त्याचा बहुतेक भाग साखरच असतो. दात किडवणाऱ्या जंतूंना दोन्ही सारखेच. गुळात लोह असतं हे खरं, पण चिमूटभर गुळातून लेकराला मिळणारं लोह नगण्य. लोहासाठी डाळ, पालेभाजी, अंडं, मटणाची कलेजी आणि वर लिंबाचे दोन थेंब ही वाट बरी. खारकेच्या पुडीचंही असंच आहे. पाव चमचा लापशीत घातला तर ठीक, पण दूध, खीर, पेज सगळ्यात रोज खारीक पडली की लेकराला बिनगोडाचं काही चालेनासं होतं.

वजन वाढावं म्हणून साखर

अंगणवाडीत वजन कमी भरलं की घरात पहिली साखर वाढते. एका लहान चमचा साखरेत १६ ते २० कॅलरी असतात, तेवढ्याच तुपात सुमारे ४५. म्हणजे वजनासाठीही साखर तोट्याचीच. सहा महिन्यांनंतर घट्ट वरणभातात एक चमचा तूप, ज्वारीच्या पेजेत मैद्यासारखा बारीक केलेला शेंगदाण्याचा कूट, कुस्करलेलं अंडं यांनी वजन धरतं. कूट पहिल्यांदा देताना अगदी थोडा द्या आणि अंगावर गांधी उठतात का ते पाहा. पेज चमच्यावरून ओघळत असेल तर ती पातळ आहे. चमचा तिरका केला तरी टिकली पाहिजे. इतकं करूनही दोन महिने वजन हललं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

उष्टावणाची खीरही बिनसाखरेची होते. दोन चमचे बारीक रवा एक चमचा तुपावर खमंग भाजा, दीड वाटी पाण्यात सात-आठ मिनिटं शिजवा, कोमट झाल्यावर पिकलेलं अर्धं केळ पूर्ण घोटून मिसळा. अर्धापूरचं पिवळंधमक, सालीवर काळे ठिपके आलेलं केळ घेतलं तर पाहुण्यांनाही साखरेची उणीव जाणवत नाही. केळ उकळत्या खिरीत घालू नका, काळपट आणि चिकट होतं.

बिस्कीट, टोस्ट, चहा

ग्लुकोज बिस्किटात वजनाचा साधारण पाव भाग साखर असते. चार बिस्किटं म्हणजे चमचाभर साखर आणि बाकी बहुतांश मैदा. चहात बुडवून दिलं की नुकसान दुहेरी, कारण चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. लेकरांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवरही ‘अ‍ॅडेड शुगर’ची ओळ वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या तीन-चारांत साखर, सुक्रोज, डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज किंवा इन्व्हर्ट सिरप दिसलं तर डबा परत ठेवा.

फळ सोडून रस

जालन्याची मोसंबी घरात असताना रस काढून बाटलीत भरणं म्हणजे चोथा टाकून साखर ठेवणं. दोन वर्षांच्या आत रस नको. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त १२५ मिली, तोही कपानं. वर्षाच्या आसपासच्या लेकराला फोडीचं साल, पांढरा पापुद्रा आणि बी काढून गर द्या. सीताफळाची प्रत्येक बी मोजून बाहेर काढा. ती घशात अडकते, आणि फुटली तर आतला भाग विषारी असतो.

सणावाराला हातात काहीही देणं

इथे साखरेपेक्षा मोठी गोष्ट श्वासाची आहे. बोरन्हाणात बोरं, हरभरे, शेंगदाणे, उसाचे तुकडे, हलवा, गोळ्या डोक्यावरून ओततात आणि खाली बसलेलं लेकरू हाती लागेल ते तोंडात घालतं. दाढा पूर्ण आलेल्या नसतात, त्यामुळे शेंगदाणा चावला जात नाही, आणि हसता-रडताना तो थेट श्वासनळीत जातो. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा, फुटाणा, बोर, कडक गोळी, लाडूतला अख्खा तीळगुळाचा खडा यातलं काही हाती देऊ नका. हुरड्याच्या दिवसांतले कोवळे दाणेसुद्धा लहानग्यांना चेचूनच द्या. बोरन्हाण करायचं तर चुरमुरे, फुलांच्या पाकळ्या आणि मोठे फुगे वापरा, बाकीचं सुपात शोभेला ठेवा. फुटलेला फुगा तेवढा लगेच उचला.

अडकलंच तर काय करायचं? लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर वेळ घालवू नका. वर्षाच्या आतलं असेल तर पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेनं ५ दाब, अडकलेलं निघेपर्यंत आळीपाळीनं. वर्षावरील लेकराला पाठीत ५ थापा आणि मागून मिठी घालून बेंबीच्या वर ५ झटके. लेकरू बेशुद्ध पडलं तर छाती दाबायला सुरुवात करा. दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. तोंडात न दिसणारी वस्तू बोटानं शोधू नका, ती आणखी आत जाते. आणि हे विसरू नका: शेंगदाणे खाताना ठसका लागून लेकरू शांत झालं, पण नंतर खोकला किंवा छातीत शिट्टी सुरू राहिली, तर दाणा आत असू शकतो. अशा वेळी औषधावर दिवस काढू नका, लगेच दवाखान्यात न्या.

होळी-पाडव्याला गळ्यात घातलेला गाठ्यांचा हार फोटो काढून झाला की उतरवा. दोऱ्याचा फास बसू शकतो. आणि एकच गाठ तासभर चोखत राहणं दातांना लाडवापेक्षा वाईट, कारण तेवढा वेळ तोंडात आम्ल तयार होत राहतं.

येळवशीचं, म्हणजे वेळ अमावास्येचं, मात्र सोपं आहे. खिरीचे गहू मऊ शिजले की गूळ घालण्याआधी वाटीभर बाजूला काढून घोटा. भज्जीही तिखट-मीठ पडण्याआधी काढली तर त्यातले दाणे, पालेभाज्या, बेसन हे सगळं कुस्करून लेकराचं पोटभर जेवण होतं.

जुलाब लागल्यावर गोडाचा घोळ

साखर बंद म्हणून ओआरएसही बंद, ही मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जिवावर बेतणारी चूक आहे. ओआरएसमधलं ग्लुकोज मीठ आणि पाणी आतड्यातून आत ओढून घेतं. तिथे ते औषध आहे. पाकीट नसेल तर १ लिटर पिण्याच्या पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. साखर जास्त पडली तर आतड्यात पाणी उलटं ओढलं जाऊन जुलाब वाढतात. म्हणूनच ग्लुकोज पावडर, शीतपेय किंवा ओआरएससारखी दिसणारी खोक्यातली गोड पेयं चालत नाहीत. दोन वर्षांच्या आत प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. उरलेलं २४ तासांनी फेका. स्तनपान चालू ठेवा. लघवी सहा तास झाली नाही, डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर घरी थांबू नका.

जाता जाता, गोडानं जंत होतात हा समज सोडून द्या. जंतांची अंडी मातीतून, न धुतलेल्या हातांतून पोटात जातात.

दोन वर्षांनंतर किती?

या वयात रोजच्या अन्नातून साधारण १००० कॅलरी लागतात. त्यातल्या ५ टक्क्यांपर्यंत साखर ठेवायची म्हटलं तर १२ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे, दिवसभरात सगळं धरून. डाळीइतकाच गूळ घातलेल्या पुरणाच्या एका पोळीत १७ ते २० ग्रॅम गूळ येतो. म्हणून पाव पोळी, वर तूप, जेवणातच. कुंथलगिरीचा पेढा असेल तर अर्धा. मधल्या वेळी चार वेळा चिमूट-चिमूट देण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच दिलेलं दातांना बरं. ‘भाजी संपव, मग पेढा’ हा सौदा करू नका. त्यानं भाजी शिक्षा ठरते आणि पेढ्याचा भाव वाढतो.

आजीला ‘देऊ नका’ म्हटलं की मन दुखावतं. तारीखच तिच्या हाती द्या: “आत्याबाई, दुसरा वाढदिवस होऊ द्या, पहिली पुरणपोळी तुमच्याच हातची.” तोवर शेंगांचं बारीक कूट घातलेला घुटा-भात (घोटलेल्या वरणाचा भात) भरवायचं काम त्यांच्याकडे द्या. पेढा भरवण्यातली माया त्यातही आहे.

सवय आधीच लागली असेल तर

एकदम तोडू नका. दुधात दोन चमचे जात असतील तर पाच दिवस दीड, पुढचे पाच एक, मग अर्धा, मग बंद. तीन आठवड्यांत जीभ सरावते. पहिल्या आठवड्यात लेकरू दूध कमी पिईल, तेवढं दही किंवा ताकभात द्या. घरात बिस्किटाचा पुडा दिसला तर रडणं थांबणार नाही, म्हणून मोठ्यांनीही तो आणणं बंद ठेवावं. रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं सगळ्यात आधी बंद करा. झोपेत लाळ कमी सुटते आणि समोरचे वरचे दात रात्रभर त्या दुधात भिजतात.

महिन्यातून एकदा उजेडात वरचा ओठ उचलून हिरडीलगत पाहा. खडूसारखी पांढरी रेघ ही किडीची पहिली खूण, आणि तिथपर्यंत ती थांबवता येते. पहिला दात आल्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून दोनदा घासा. नांदेड-बीडसारख्या भागात जिथे बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, तिथे कोणती पेस्ट वापरायची ते दंतवैद्याला विचारून ठरवा. रेघ तपकिरी झाली असेल तर ‘दुधाचेच दात आहेत, पडतील’ म्हणून थांबू नका. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवता येतं. जाताना लेकराच्या एका दिवसाच्या खाण्याची वेळेसकट चिठ्ठी लिहून न्या. किती गोड, यासोबत किती वेळा गोड, हे डॉक्टरांना त्यातूनच कळतं.