पहाटेच्या शिंका आणि कपाटामागची ओल : माझा अनुभव
जुलै लागला की आमच्या ठाण्याच्या घरी निजण्याच्या खोलीत कुबट वास येई आणि पहाटे शिंकांनीच जाग येई. धूप, कापूर, डांबरगोळ्या, नवा रंग, सारे व्यर्थ गेले; आजोबांची पुस्तके काढून टाकण्याचा सल्ला मात्र मी मानला नाही, कारण त्या पुस्तकांवाचून ते घर मला माझे वाटले नसते. अखेर आर्द्रतामापक (हवेतला ओलावा मोजणारे यंत्र) आणला, तेव्हा कपाटामागे ८४ टक्के आकडा दिसला. पाऊस उघडल्यावर प्रथम बाहेरच्या भिंतीची भेग बुजवली. मग मास्क लावून कपाटामागच्या भिंतीवरची बुरशी साबणाच्या ओल्या फडक्याने पुसली (कोरडी झाडू नये, ती हवेत पसरते), भिंत पूर्ण वाळू दिली आणि कपाट आतल्या भिंतीशी चार बोटे अंतर राखून लावले. पावसाळ्यात खोलीत कपडे वाळत घालणेही थांबवले. यंदा आकडा ६० च्या आसपास राहिला.