नव्या पॉवर सप्लायचा उग्र वास घालवायचा तर

कॉम्प्युटरला नवा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, बसवला की पहिले काही दिवस खोलीभर वार्निश-प्लास्टिकचा वास सुटतो. अगरबत्तीने तो जात नाही, तापवूनच उडवावा लागतो.

१. कॅबिनेटच्या मागच्या जाळीशी नाक नेऊन बघा. नव्या रंगासारखा वास असेल तर पुढे जा.

२. एसएमपीएसवर ‘इको’ बटण असेल तर ते बंद करा, म्हणजे कमी लोडवरही पंखा फिरत राहतो. हे बहुतेक जण विसरतात.

३. खिडकी उघडा, टेबल फॅनचा झोत कॅबिनेटकडून खिडकीकडे जाऊ द्या आणि एखादा जड गेम दोन-तीन तास चालू ठेवा. स्वतः शेजारच्या खोलीत बसा, पण घराबाहेर जाऊ नका.

रोज असं केलं की वास बहुधा आठवडाभरात विरतो. पीसी झोपायच्या खोलीत असेल तर तेवढे दिवस हॉलमध्ये हलवा.

वास जळकट किंवा सडक्या मासळीसारखा असेल, धूर दिसला, तर लगेच भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा आणि वॉरंटीत बदलून घ्या. आत काय झालंय म्हणून खोलू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरतो, शिवाय सील तुटलं की वॉरंटीही गेली.