दोन भाषांच्या घरातलं लेकरू बोलतं कसं होतं

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मला सगळे टीचर म्हणतात. अंगणवाडीत बावीस वर्षं झाली. घरात मराठी, अंगणवाडीचे रजिस्टर कन्नडात आणि पोरांशी दोन्ही. घरभेटीला गेलं की आया हळूच विचारतात, "टीचर, दोन वर्षांचा झाला तरी बोलंना झालाय. घरात मराठी, शेजारी कन्नड, म्हणून गोंधळला असंल काय?"

नाही. दोन भाषा कानावर पडल्यामुळे कुठलंही मूल बोलायचं राहत नाही. आपण शब्द मोजताना मात्र चुकतो. दीड वर्षाची पोर आईकडं "दूद" मागते आणि शेजारच्या अज्जीकडं "नीरु", म्हणजे पाणी, मागते, तर ते दोन शब्द झाले. फक्त मराठी शब्द मोजले तर पोर मागं दिसणारच. पुढं मोठी झाल्यावर "मला नीरु पायजे" म्हटलं तर रागावू नका, हसूही नका. तिनं तीन शब्दांचं अख्खं वाक्य जुळवलंय. "पाणी पायजे? हे घे गार पाणी," एवढंच म्हणा.

आमच्या ओळखीतल्या एका आईला डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात एकच भाषा ठेवा, कन्नडच बोला. तिला कन्नड बाजारापुरतंच यायचं. बिचारी शब्द शोधत बसायची, आणि हळूहळू लेकराशी बोलणंच कमी झालं. गाणी गेली, गोष्टी गेल्या. तुम्ही ज्या भाषेत न अडखळता बोलता त्याच भाषेत लेकराशी बोला. दुसरी भाषा गल्लीत, अंगणवाडीत, शाळेत त्याला भेटणार आहे.

आता बोलायचं कसं, ते सांगते. यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. परवा एका घरी आजी मटार सोलत बसलेली, शेजारी पावणेदोन वर्षांचा नातू. आजी विचारत होती, "हे काय? सांग की. हे काय?" आणि त्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच "मटार!" म्हणून मोकळी. मी म्हटलं, आजी, विचारू नका, नुसतं सांगा, आणि मग गप्प बसा. आजींनी शेंग फोडली, म्हणाल्या, "शेंग उघडली." मी मनात पाच आकडे मोजले. चारावर पोरानं बोट लांब केलं आणि म्हणाला, "दा." आजी म्हणाल्या, "दाणा. हिरवा दाणा." पुढच्या शेंगेला तो आपणहून "दाना" म्हणाला. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

त्या दहा मिनिटांत सगळं आलं. लेकरू जिकडं बघतं त्याबद्दल बोलायचं, आपल्याला हव्या त्या वस्तूबद्दल नाही. बोलून झालं की थांबायचं, कारण लहान मेंदूला उत्तर जुळवायला वेळ लागतो. आणि ते जे म्हणेल त्यात एक शब्द आपला घालून परत द्यायचं. चूक दाखवायची नाही, बरोबर शब्द कानावर पडू द्यायचा. आंघोळ घालताना, भाकरी थापताना, परड्यात कोंबड्यांना दाणे टाकताना हेच. (मटार सोलताना नजर मात्र पोरावर ठेवा. दाणा नाकात घालतात, घशात अडकतो.)

फोनबद्दल थोडं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. रोप लावणीच्या दिवसांत आई दिवसभर चिखलात असते, तेव्हा घरच्यांनी पोराच्या हातात फोन दिला तर मी त्यांना बोल लावत नाही. पण फोन पोराचं "दा" ऐकून "दाणा" म्हणत नाही. सांभाळणारं माणूस बोलकं असू दे.

वाट किती बघायची? सहा ते नऊ महिन्यांत बा-बा, मा-मा सुरू होतं. वर्षाच्या आसपास नावाला वळून बघणं, बोट दाखवणं, एखादा शब्द. दोन वर्षांपर्यंत "बाबा गेला" अशी जोडी आणि पन्नासेक शब्द. तीन वर्षांच्या पोराचं बोलणं परक्यालाही बरंचसं कळतं. महिना-दोन महिने मागंपुढं होतंच. पण वर्ष झालं तरी आवाज नाहीत, बोट दाखवत नाही, दीड वर्षाला एकही शब्द नाही, दोन वर्षांला जोडी नाही, तर दाखवा. आणि येत असलेले शब्द बंद झाले तर वय कितीही असो, लगेच दाखवा.

सगळ्यात आधी कान. हे मी चूक करून शिकले. सव्वातीन वर्षांचा एक मुलगा, फार थोडे शब्द. त्याची आजी म्हणायची, "ह्याचा बापबी उशिरा बोलला." मीही म्हटलं, बोलंल की. मोटारीच्या आवाजाला वळायचा, म्हणून ऐकू येतंय असंच धरून चाललो. वर्षभरानं आरोग्य पथकाच्या डॉक्टरांनी कान बघितले. सततच्या सर्दीनं पडद्यामागं पाणी साठलं होतं. मोठे आवाज कळायचे, माणसाचं बोलणं कापूस घातल्यासारखं पुसट. आमच्याकडचा पावसाळा म्हणजे चार महिने सर्दीच. उपचार झाले आणि पोरगा बोलायला लागला, पण ते वाया गेलेलं वर्ष मला अजून टोचतं. कान वाहत असेल तर तेल घालू नका, दाखवा.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तपासणी फुकट असते. तारीख टीचरला विचारून ठेवा. मूल अंगणवाडीत येत नसलं तरी घेऊन या. मधे शंका आली तर पथकाची वाट न बघता सरकारी दवाखान्यात जा.

जाताना एका कागदावर लेकराचे सगळे शब्द लिहून न्या, मराठी आणि कन्नड दोन्ही. गाडीला नेहमी "बुर्र" म्हणत असेल, मांजराला "म्याव" म्हणत असेल, तर तेही लिहा. तेही शब्दच आहेत.